लेक द्यावी असं गाव

आमच्या ऑफिसात पाऊल टाकणारा माणूस आधी विचारायचा, “निधी कोणत्या टेबलावर मिळतो?” मी म्हणायचे, “या टेबलावर नुसतं स्वप्न मिळतं. चहा मात्र खरा आहे, घ्या.” माणूस हसायचा, चहा प्यायचा आणि उठताना हळूच पुन्हा विचारायचा, “ते ठीक आहे ताई, पण निधी?”

माझी सगळी नोकरी नियोजनाच्या खात्यात गेली, आधी धुळ्याला आणि मग जळगावला. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे घरात अहिराणी आणि ऑफिसात पुस्तकी मराठी अशी माझी दोन तोंडं. राग आला की पहिलं तोंड उघडतं. खात्यातल्या दोन-तीन साहेबांना ते चांगलंच ठाऊक आहे.

शेवटच्या काही वर्षांत माझ्याकडे जे काम होतं त्याचं कागदावरचं नाव एका दमात वाचता येत नसे. सोप्या भाषेत सांगते. तालुक्यातले शेतकरी, व्यापारी, बचत गटाच्या बाया, मास्तर, छोटे कारखानदार अशा सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवायचं आणि विचारायचं, पंधरा वर्षांनी आपला तालुका कसा दिसायला हवा? सगळ्यांचं मिळून एक चित्र ठरवायचं आणि तिथवर पोचायला काय काय करावं लागेल ती उद्दिष्टं लिहायची. ऐकायला सोपं आहे, एकदा करून बघा. घरात टीव्हीवर काय लावायचं यावर चार माणसांचं जमत नाही, इथं तर अख्खा तालुका समोर बसलेला असायचा.

आम्ही रंगीत कार्डं वाटायचो. प्रत्येकानं आपलं स्वप्न कार्डावर लिहून भिंतीवर चिकटवायचं. पहिल्या तासात भिंत भरायची आणि सगळ्या कार्डांवर दोनच शब्द असायचे, एमआयडीसी आणि विमानतळ. धुळ्याकडच्या एका बैठकीत तर एका आजोबांनी ‘समुद्र’ लिहिलं होतं. मी म्हटलं, “आबा, समुद्र कुठून आणू?” ते शांतपणे म्हणाले, “ते तुमचं काम. बंदर असलं की मालाला भाव येतो.” वरणगावच्या दारूगोळा कारखान्यातले एक निवृत्त कामगार होते, जन्मभर भोंग्यावर वाढलेले. ते दहाच्या बैठकीला दहाला येऊन बसायचे आणि साडेदहाला येणाऱ्या प्रत्येकाकडे असे बघायचे की माणूस बसायच्या आधी माफी मागायचा. मला ते फार आवडायचे.

मग पुण्याहून सल्लागार यायचा. तरणाताठा, गोड बोलणारा मुलगा, पण त्याच्या लॅपटॉपमध्ये स्वप्न आधीच टाइप केलेलं असायचं. ‘समृद्ध, सक्षम आणि शाश्वत तालुका.’ मी त्याला म्हटलं, “बाळा, यातलं तालुक्याचं नाव बदललं तर हे कोल्हापूरलाही चालेल.” तो म्हणाला, “हो मॅडम, चालतं. तिकडं दिलंय.” बिचारा खोटं बोलत नव्हता.

असल्या वाक्यांचा मला कंटाळा आला, तेव्हा मी माझा एक नियम काढला. कोणतंही उद्दिष्ट मंजूर करायचं तर ते सुचवणाऱ्यानं उभं राहून एक वाक्य बोलायचं, ‘यासाठी मी माझ्या घरातून काय करणार.’ सरकार काय करेल ते नंतर. आधी घरचं. आमच्याकडे याला ‘घरचं वाक्य’ असं नाव पडलं. साहेब लोक नाक मुरडायचे, पण गंमत बघा, या एका नियमानं निम्मी विमानतळं आपोआप उडून गेली.

हाच नियम चोपड्यात माझ्या गळ्याशी आला.

चोपडा तालुक्याच्या समितीचे अध्यक्ष होते काशिनाथ आबा. सातपुड्याच्या पायथ्याला केळी आणि कपाशी करणारा माणूस. उंचपुरे, पांढरी टोपी, बोलणं कमी. घरात ते आणि धाकटी मुलगी जयश्री. बायको काही वर्षांपूर्वी गेलेली आणि थोरली लेक पुण्यात नांदत होती. जयश्री शेतीची पदवी घेऊन चोपड्यालाच माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि आमच्या बैठकांना बचत गटाच्या बायांबरोबर हजर असायची. कार्डावर कधी एका शब्दात लिहायची नाही. पाठपोट भरून द्यायची.

आमच्याकडची माणसं हॉलमध्ये खुर्चीवर बसली की पाहुणी होतात. खरं बोलतात ती शेतात. हे आबांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. हिवाळ्यात त्यांनी अख्ख्या समितीला शेतात भरीत पार्टीला बोलावलं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडाच्या बडगीत ठेचली, वर मिरची-लसणाचा ठेचा आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पोटं भरली आणि माणसं बोलायला लागली. कुणाचा मुलगा सुरतेला, कुणाचा पुण्याला, कुणाचे दोघेही बाहेर. एक जण म्हणाला, “गावात आता कानबाईला काय ती पोरं दिसतात. सण झाला की घरं पुन्हा रिकामी.”

मग आबा म्हणाले, “ताई, पहिलं उद्दिष्ट लिहा. आपली पोरं आपल्या तालुक्यात.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

त्या शेतात पंगतीला वाढायला एक मुलगा होता, योगेश. शेजारच्याच गावचा. पुण्यात फळं निर्यात करणाऱ्या कंपनीत चांगल्या पगारावर होता आणि ते सोडून घरी आलेला. तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती, तिचं केळीचं पॅकहाऊस तो चालवायचा. घड कसा उतरवायचा, धुवायचा, खोक्यात कसा भरायचा, कुठल्या देशाला कुठल्या जाडीचं केळ लागतं, सगळं त्याच्या डोक्यात. आमच्या आराखड्यातली निम्मी उद्दिष्टं या एका पोराच्या खांद्यावर उभी होती. हे मला ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त योगेशला.

आणि योगेशचं लग्न जमत नव्हतं.

का? तो गावात राहतो म्हणून. घरची बागायत, शिक्षण, रूप, निर्व्यसनी, सगळं बघून मुलीकडचे खूश व्हायचे आणि शेवटी विचारायचे, “पुण्याची नोकरी परत धरणार ना?” हा ‘नाही’ म्हणाला की चहाचे कप खाली. बरं, हे मुलीकडचे म्हणजे कोण परके नव्हते. माझ्याच बैठकांना येऊन ‘पोरं गावात राहायला पाहिजेत’ असं कार्ड चिकटवणारे बाप होते! आमच्या भागातली ही खास चूक आहे. दुसऱ्याचा मुलगा गावात राहावा आणि आपली मुलगी पुण्याला जावी, असं प्रत्येकाला वाटतं. मग राहणाऱ्या मुलानं लग्न कुणाशी करायचं, केळीच्या खांबाशी?

शेवटी एका मध्यस्थानं योगेशचं स्थळ आबांकडेच नेलं. पाहुण्यांतलंच, नात्यात बसणारं. तालुक्यातला जो तो म्हणाला, आता सुपारी फुटलीच म्हणून समजा. आबांनी मध्यस्थाला पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, “मुलगा सोन्यासारखा आहे. पण आम्हाला करायचं नाही.”

जयश्री मला प्रयोगशाळेच्या बाहेर भेटली. मी आडवळणानं विषय काढणार तोच ती म्हणाली, “ताई, मला पसंत आहे. पण आबांच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही.” तिचे डोळे कोरडे होते, पण हातातली मातीची पिशवी ती सारखी घट्ट बांधत होती. मी घरी येऊन नवऱ्यावर उगाचच चिडले.

इकडे पुण्याच्या कंपनीचा योगेशला निरोप आला, परत ये, जागा आहे. तो मला म्हणाला, “मॅडम, आराखड्याची शेवटची बैठक होऊ द्या. मग मी जातो. आई एकटी कुढत बसते. तिला वाटतं मी इथं राहून तिच्यापायी माझं नुकसान केलं.” ‘राहा’ म्हणायचा मला काय हक्क होता?

शेवटची बैठक चोपड्याला, पंचायतीच्या सभागृहात, भर दुपारी. पुण्याचा सल्लागार पडदा लावून तयार. जळगावहून आमचे वरिष्ठ साहेब आलेले. एकेक उद्दिष्ट वाचायचं, सुचवणाऱ्यानं घरचं वाक्य बोलायचं आणि शिक्का. सुरुवात मजेत झाली. कापसाचा एक व्यापारी उठून म्हणाला, “मी माझ्या सुनेला दुकानात गल्ल्यावर बसवीन.” मागून बायांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याची सून लाजून पदरात हसायला लागली. एक मास्तर म्हणाले, “मी शाळा सुटल्यावर खाजगी शिकवणी बंद करीन.” “कधीपासून?” असं कुणीतरी विचारलं आणि हॉल खदखदला.

मग सल्लागारानं पडद्यावर उद्दिष्ट क्रमांक एक आणलं. आपली पोरं आपल्या तालुक्यात. सुचवणारे अध्यक्ष.

आबा उभे राहिले. तालुक्याला सगळं ठाऊक होतं हो. मला वाटलं, आता म्हातारा काहीतरी गुळमुळीत बोलून बसेल तर बरं, सुटू सगळे.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, “ताई, लिखी ल्या. मी मन्ही पोर खेडामा देवाव नही.”

लिहून घ्या, मी माझी पोर खेड्यात देणार नाही. सरकारी बैठकीत, स्वतःच सुचवलेल्या उद्दिष्टाखाली! पुण्याच्या पोरानं माझ्याकडे पाहिलं, हे टाइप करायचं का म्हणून. तिसऱ्या रांगेत बसलेल्या योगेशनं मान खाली घातली. त्याचे कान लालभडक झालेले मला स्टेजवरून दिसत होते.

“का ते पण लिहा,” आबा पुढं म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “माझी बायको पाणी वाहून वाहून वाकली. केळीच्या चिकानं तिचं एक लुगडं धड राहिलं नाही. दुखणं अंगावर काढलं. तालुक्यात बाईला दाखवावी अशी डॉक्टरीण नव्हती. जळगावला जायचं तर दिवस मोडतो, म्हणून तिनं पुढं ढकललं आणि मी पण ढकलू दिलं. डॉक्टरांकडे नेली तेव्हा उशीर झाला होता. ती नेहमी म्हणायची, धाकटीला अशा गावात देऊ नका. मुलगा वाईट नाही. योगेशसारखा मुलगा मला शोधून मिळणार नाही. पण मी मुलाला मुलगी देत नाही ताई, गावाला देतो. आणि आपली गावं मला ठाऊक आहेत.”

ते खाली बसले नाहीत. तसेच उभे, टोपी चुरगाळत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते साहेबांसमोर पुसलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं जयश्री उठली. वडिलांसमोर, चारचौघांत, ती एरवी कधी बोलली नसती. म्हणाली, “आबा, मग तुम्ही मला द्याल असं गाव कसं असतं, ते सांगा ना. तेच लिहू.”

आबा तिच्याकडे वळले.

“नळाला पाणी,” ते म्हणाले. “रोज. घरात.”

“आणखी?”

“बायांची डॉक्टरीण. चोपड्याला, कायमची.”

आता मागून एक बाई उठली, “आणि संध्याकाळची बस लिहा. पोरी कॉलेजातून अंधारात चालत येतात.” दुसरी म्हणाली, “पॅकिंगच्या कामाला बायांना पुरुषांइतकी मजुरी.” तिसरी म्हणाली, “न्हाणीघर लिहा हो, पक्कं, दाराला कडी असलेलं.” मग कोण कुणाला ऐकतंय! आजवर भिंतीवर विमानतळ चिकटवणारी माणसं न्हाणीच्या कडीवर हिरिरीनं बोलायला लागली. मी सल्लागाराला म्हटलं, “ते समृद्ध-सक्षम काढ आणि लिही.” त्यानं निमूटपणे लिहिलं. ‘जिथं आपण आपली लेक आनंदानं देऊ, असा तालुका.’

आमचे वरिष्ठ साहेब फार मोजकं बोलणारे. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. वरच्या कार्यालयात हसतील का, असं सल्लागारानं कुजबुजत विचारलं. साहेब म्हणाले, “ज्यांना मुली आहेत ते हसणार नाहीत.” आणि सही केली. त्या माणसाशी मी जन्मभर भांडले, पण त्या एका सहीसाठी त्यांना शंभर भांडणं माफ.

मला विचाराल तर नोकरीत मी केलेलं एवढंच एक काम खरं. बाकी पुष्कळ आराखडे कपाटात पडून आहेत, बांधणी मात्र सुरेख आहे त्यांची. चोपड्याच्या आराखड्याचंही सगळं झालं असं नाही. संध्याकाळची बस सुरू झाली आणि बंद पडली, अजून बंदच आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. मजुरीचा प्रश्न अर्धवट सुटला. पण योगेशच्या गावात घरोघर नळ आले. चोपड्याला डॉक्टरीणबाई येऊन राहिल्या, आता त्यांच्या दवाखान्यात बसायला जागा नसते. कुणी म्हणेल, एवढ्यानं काय झालं? एका बाईचं दुखणं वेळेवर कळलं तर काय होतं, ते आबांना विचारा.

योगेश पुण्याला गेला नाही. बैठक संपल्यावर तो आबांच्या पायाशी वाकला आणि म्हणाला, “आबा, मी थांबतो.” आबांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. जयश्रीला दुसरी स्थळं यायची. आबा ती बघायचे आणि ठेवून द्यायचे. दोन मोसम असे गेले. मधल्या काळात मी निवृत्त झाले, नारळ-शाल घेऊन घरी आले आणि नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यांचं नियोजन करायला लागले.

एका सकाळी आबांचा फोन आला. “ताई, योगेशचं घर बघायला जायचं शे. तुम्ही चाला.” मुलीकडच्यांनी घर बघायला जाणं ही आमच्याकडची रीत. सहसा पाच-सहा बाप्ये जातात, ओट्यावर बसतात, शेती किती, भाऊ किती विचारतात आणि पोहे खाऊन येतात. आबांनी कुणालाही नेलं नाही. मी आणि ते, बस.

योगेशच्या आईनं दारात पाय धुवायला पाणी ठेवलं. साठीच्या आतली बाई, पण वाळलेली. योगेशचे वडील लवकर वारले, तिनंच शेत सांभाळून पोराला शिकवलेलं. आबा ओट्यावर बसले नाहीत. “वहिनी, परवानगी असेल तर घर बघतो,” म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, पाण्याखाली हात धरला, बंद केला. न्हाणीचं दार लावून कडी घालून पाहिली. मी मागं उभी राहून हसू दाबत होते. योगेश बिचारा परीक्षेला बसल्यासारखा भिंतीला टेकून होता.

मग आबांनी विचारलं, “वहिनी, तुम्ही आजारी पडल्या तर काय करता?”

असला प्रश्न त्या बाईला कुणी विचारला नसावा. ती गोंधळली, हसली. “मला काय होतंय भाऊ? थोडं पोटात दुखतं, ते चालायचंच.”

“कधीपासून?”

ती पोराकडे बघेना. पदराशी चाळा करत म्हणाली, “दिवाळीपासून. मोसम व्हई जाऊ द्या, मंग दखाडसू.”

मोसम होऊ द्या, मग दाखवू. योगेश भिंतीपासून पुढं आला, “आई, तू मला बोलली नाहीस.” ती म्हणाली, “तुला बोलले असते तर तू पॅकिंग सोडून बसला असता.” तिनं मघाशी दिलेली पोह्यांची ताटली मी खाली ठेवली. मी आबांकडे बघायला धजत नव्हते. वाटलं, संपलं सगळं. ज्या भीतीनं हा माणूस नाही म्हणत होता ती त्याच्यासमोर पदर चाळवत उभी होती. आता तो नमस्कार करील आणि निघेल.

आबांचा चेहरा रडवेला झाला होता. त्यांनी हात जोडले, पण निघाले नाहीत.

“वहिनी,” ते म्हणाले, “पोर मी याच घरात देणार. पण या घरातली बाई आधी बरी होऊ द्या.” मग योगेशकडे वळून म्हणाले, “गाडी काढ. सुपारी नंतर फोडू, डॉक्टरीणबाई दुपारी उठून जातात.”

योगेशच्या आईनं मागं सरून उलथनं उचललं. म्हणाली, “आज पाहुणे आलेत, स्वयंपाक...” मी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि गॅस बंद केला. ती माझ्याकडे बघून एकदम रडायला लागली. रडत रडतच तिनं चांगलं लुगडं नेसलं. आबांनी गाडीचं पुढचं दार स्वतः उघडून धरलं आणि ती नीट बसेपर्यंत तसेच उन्हात उभे राहिले.